सिटी १.३ मध्ये व्हीटेक : गॅरेजच्या वहीतून

७ जानेवारी २०२४, रविवार

ठरलं एकदाचं. बाबांची १९९९ची होंडा सिटी १.३ विकायची नाही, भंगारात तर नाहीच नाही, तिच्यात १.५ व्हीटेकचं इंजिन बसवायचं. (व्हीटेक म्हणजे इंजिन जोरात फिरायला लागलं की वॉल्व जास्त उघडायची होंडाची करामत.) दोन वर्षं हा विषय घरात नुसता घोळत होता. आज भांडुपला उस्तादांकडे गाडी नेली, त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काळं तेलकट बोट मला दाखवलं आणि म्हणाले, "रिंगा गेल्यात, वॉल्वची सीलं पण गेलीत. पूर्ण इंजिन करायचं तर करू, पण १.३ चे पिस्टन शोधायला तू फिरशील, मी नाही." हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल खातेय आणि सकाळी स्टार्ट केली की सोसायटीच्या वॉचमनला निळा धूर. यंदा रजिस्ट्रेशन पण रिन्यू करायचंय, या धुरावर ती पास होणार नाही हे मला माहीतच होतं.

व्हीटेकच का, ते आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढे शंभर जण विचारणार आहेत. ही सिटी भारतात १९९८ ला आली, आणि अंगाने ती होंडाच्याच जुन्या ईएफ सिव्हिकच्या, म्हणजे ऐंशीच्या दशकाअखेरच्या सिव्हिकच्या, घराण्यातली आहे. १.३ चं इंजिन १३४३ सीसी, बोअर (सिलेंडरची रुंदी) ७५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७६. व्हीटेकचं १४९३ सीसी, बोअर तोच ७५, स्ट्रोक ८४.५. म्हणजे दोघं सख्खे भाऊ, एकाचा क्रँक लांब हात मारतो आणि त्याच्या डोक्यावर व्हीटेकचं हेड आहे, एवढाच फरक. नव्वद हॉर्सपॉवरच्या जागी एकशेसहा, आणि कंपनीने स्वतः याच बॉडीत हे इंजिन विकलंय. माझ्यासाठी हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "इंजिन बदलल्यावर ती माझी गाडी राहील का रे?" मी म्हटलं बाबा, आहे ते इंजिन ठेवलं तर गाडीच राहणार नाही. यावर ते काही बोलले नाहीत, पण आरसी बुक कपाटातून काढून टेबलावर ठेवलं.

१३ जानेवारी, शनिवार

कुर्ला, सीएसटी रोड. सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत फिरलो. ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही, एका बाजूला सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमची दुकानं आणि गल्लीत आत शिरलं की इंजिनांच्या राशी, गिअरबॉक्स गोणत्यावर मांडून ठेवलेले, एक्सल काठ्यांसारखे भिंतीला टेकवलेले, आणि पायाखाली कायम ऑइलचा चिखल. तीन ठिकाणी व्हीटेक म्हणून साधं १.५ दाखवलं. ओळखायची सोपी खूण आहे, हेडच्या बाजूला सोलेनॉइडचा, म्हणजे करंटवर उघडणाऱ्या ऑइलच्या झडपेचा, डबा पाहिजे आणि त्याला वायरीचा कनेक्टर, तो नसेल तर पुढचं बोलणंच नको. चौथ्या ठिकाणी मागून ठोकलेली २००२ची व्हीटेक उभी होती, डिकी पार मागच्या सीटपर्यंत आलेली पण बॉनेट, रेडिएटर सगळं जागेवर. पुढचा भाग शाबूत असलेली गाडी मिळणं म्हणजे नशीबच.

विकणारा म्हणाला डोळे झाकून घेऊन जा. उस्ताद म्हणाले डोळे उघडे ठेवायलाच आलोय. बॅटरी लावली, चारही प्लग काढले, कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलेंडर हवा किती दाबतो ते मोजायचं, मीटर लावून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला. पहिला सिलेंडर १७२, दुसरा १७०, तिसरा १३८, चौथा १७४. तिसऱ्याचा आकडा बघून माझं तोंड पडलं. उस्तादांनी तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडलं आणि परत सेल मारला, १४२. ते हसले. ऑइल टाकल्यावर आकडा खूप वाढला असता तर दोष रिंगांचा, कारण ऑइल रिंगांची फट तात्पुरती बुजवतं. इथे जवळपास हललाच नाही, म्हणजे हवा वॉल्वमधून जातेय, आणि बऱ्याचदा नुसता टॅपेट टाइट झाला, म्हणजे वॉल्वच्या डोक्यावरची बारीक फट संपली, की वॉल्व पूर्ण बसत नाही म्हणून असं होतं. "हा आकडा आपल्या कामाचा आहे," मला हळूच म्हणाले, आणि विकणाऱ्याकडे वळून तोच आकडा दाखवून भाव पाडला. इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही एक्सल, डिस्ट्रिब्यूटर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मिळून ४५ हजार. वायरिंग तेवढं मिळालं नाही, ते आधीच कुणीतरी कापून नेलं होतं.

निघताना त्या चेपलेल्या डिकीवरचा व्हीटेकचा बॅज दिसला. विकणाऱ्याने पान्याने उचकटून हातावर ठेवला, पैसे घेतले नाहीत. बॅज खिशात आहे, आणि तो खिशातच राहणार. आधी इंजिन चाललं पाहिजे आणि कागदावर आलं पाहिजे, मग डिकीवर.

२१ जानेवारी, रविवार

चेंबूरला मावशीकडे. दादाला, म्हणजे मावसभावाला, इंजिन घेतल्याचं कळलं होतंच, दार उघडल्या उघडल्या म्हणाला, "एवढा खटाटोप करून फक्त दीडशे सीसी जास्त?"

दादा मित्सुबिशीवाला. त्याच्याकडे २०००ची लान्सर आहे, १.५ पेट्रोल, दोन लाखांच्या वर किलोमीटर झालेत आणि अजून हेड उघडलेलं नाही. आमच्या दोघांचं हे भांडण शाळेपासूनचं. सिटी आणि लान्सर दोन्ही भारतात १९९८ ला आल्या, त्याच्या बाबांनी एक घेतली आणि माझ्या बाबांनी दुसरी, आणि आम्ही दोघं आपापल्या बाबांच्या बाजूने उभे राहिलो ते आजतागायत. तो म्हणतो होंडा हलकी आहे म्हणून पळते, दाराचा आवाज ऐक, पत्र्याचा डबा. मी म्हणतो हलकी आहे हाच तर गुण आहे.

त्याचा मुद्दा खरा आहे हे मी इथे मान्य करतो. त्याची लान्सर ज्या सांगाड्यावर आहे त्याच घराण्यातल्या सांगाड्यावर इव्हो फोर ते इव्हो सिक्स, म्हणजे लान्सरच्या रॅलीवाल्या आवृत्त्या, बनल्या. टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं रॅलीचं जगज्जेतेपद लान्सर इव्होवर घेतलं, आणि ४जी६३ हे इंजिन, ८५ बाय ८८, दोन लिटर, टर्बो (हवा जबरदस्तीने आत कोंबणारा), हे पहिल्या इव्होपासून नवव्या इव्होपर्यंत मित्सुबिशीने सोडलं नाही. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, कितीही बूस्ट द्या. इव्हो फोरला त्यांनी ते १८० अंशात फिरवून बसवलं, दादा हे सांगताना जेवायचा थांबतो आणि दोन्ही हातांनी इंजिन फिरवून दाखवतो, मावशी म्हणते वरण सांडेल.

माझी बाजू अशी. टर्बो लावून ताकद काढणं वेगळं आणि श्वासावर ताकद काढणं वेगळं. होंडाने १९८९ ला बी१६ए काढलं, १५९५ सीसी, टर्बो नाही काही नाही, आणि १६० हॉर्सपॉवर. लिटरला शंभर, रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत. १९९७ च्या सिव्हिक टाइप आरमध्ये तेच १.६ लिटर १८५ वर नेलं. १९८८ ला फॉर्म्युला वनच्या १६ शर्यतींपैकी १५ मॅक्लारेन-होंडाने जिंकल्या, आणि तिथे तर टर्बोच होता, म्हणजे टर्बो येत नाही म्हणून श्वासावर चालवतात असं कुणी म्हणू नये.

मग दादाचा पुढचा बाण. "एवढं प्रेम आहे तर बी१६ बसव ना. नाहीतर के२० बसव." बसतं, लोकांनी बसवलंय, ईएफ घराण्यात बी सिरीज बसवायची वाट जगभर मळलेली आहे. पण बी१६ ला डी सिरीजचा, म्हणजे सिटीच्या इंजिनांच्या घराण्याचा, गिअरबॉक्स लागत नाही, त्याचा स्वतःचा लागतो, मग फाउंडेशन (इंजिन धरणारे आधार) वेगळी, एक्सल वेगळे, गिअर लिंकेज वेगळं. के२०, होंडाचं नंतरचं दोन लिटरचं इंजिन, ते तर उलट्या दिशेने फिरतं, त्याचा गिअरबॉक्स दुसऱ्या बाजूला येतो, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड मागे जातो, म्हणजे जवळजवळ नवीन पुढचा भाग बांधायचा. आणि एवढं करून कागदावर काय लिहिणार? मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ स्पष्ट आहे, कंपनीने जे लिहून दिलंय त्याच्या विरुद्ध बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. मला ही गाडी रात्री लपूनछपून चालवायची नाहीये. बाबांना घेऊन देवरुखला जायचंय.

भावजी पण होते. ते मारुतीवाले, त्यांच्या ओळखीत एस्टीममध्ये बलेनोचं १.६ बसवलेलं आहे आणि त्यांचं म्हणणं होतं की भारतातलं सगळ्यात शहाणं इंजिन बदलणं तेच. जी१३ काढून जी१६, स्ट्रोक ७५.५ वरून थेट ९०, घरातल्या घरात. खरंय की. माझं कामही त्याच जातीचं आहे म्हणून मला ते पटलं आणि होंडावाला असूनही मी तसं बोललो.

या भांडणाला जे लोक पोरखेळ म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. दादा इव्होचं इंजिन का फिरवलं ते सांगू शकतो, मी व्हीटेकची पिन कुठे असते ते सांगू शकतो, आम्ही एकमेकांना हरवायला म्हणून वाचलं आणि त्यातून शिकलो. मला राग येतो तो दुसऱ्याच लोकांचा, जे साध्या गाडीवर लाल टाइप आरचा स्टिकर लावून, सायलेन्सर कापून, मध्यरात्री बीकेसीत लोकांची झोप मोडतात आणि बॉनेट उघडायला सांगितलं की तोंड फिरवतात. ते होंडावाले असले तरी माझे कोणी नाहीत.

२६ जानेवारी, शुक्रवार

इंजिन भांडुपला जमिनीवर, लाकडी ओंडक्यांवर. आज टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सगळी सीलं. बेल्ट तुटला तर या इंजिनात पिस्टन वॉल्वला भिडतो, म्हणून जुन्या बेल्टवर कधीच विसंबायचं नाही, कितीही चांगला दिसू दे.

क्रँकच्या पुलीचा बोल्ट निघता निघेना. बाकीच्या बहुतेक गाड्यांत गॅरेजवाले एक युक्ती करतात, बोल्टला गोटी (सॉकेट) आणि लांब पाइप लावून तो जमिनीला टेकवायचा आणि हलका सेल मारायचा, इंजिनच स्वतःचा बोल्ट सोडतं. होंडाची ही जुनी इंजिनं पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे ही युक्ती केली की बोल्ट सुटायच्या ऐवजी अजून आवळला जातो. उस्ताद सांगत होते की एका पोराने घरी हा प्रयोग केला आणि मग गाडी टो करून त्यांच्याकडे आणली. पुलीच्या मध्ये ५० मिमीचा षटकोनी खळगा असतो, त्यात बसणारा ठोकळा उस्तादांनी केव्हाचा लेथवर करून ठेवलाय. तो खळग्यात घातला, त्याचा दांडा जमिनीवर टेकवला, मधून गोटी आत, चार फुटी पाइप, मी आणि दादा दोघं त्या पाइपावर. (दादा आला होता, हो. इंजिन होंडाचं आहे म्हणून हात लावणार नाही असं तो कधीच म्हणत नाही.) कडाक्कन आवाज आला, मला वाटलं गोटी फुटली. बोल्ट सुटला होता.

बेल्ट चढवताना कॅम पुलीवरचं 'अप' वर, क्रँकची पांढरी खूण जागेवर. मग टेन्शनर ढिला करून क्रँक घड्याळाच्या उलट फिरवायचा, कॅम पुलीचे तीन दात सरकेपर्यंत, आणि तिथेच टेन्शनर आवळायचा. तीनच दात. उस्तादांनी मला मोजायला लावले, मोठ्याने.

नंतर टॅपेट कव्हर काढलं आणि तिथे माझा अर्धा तास गेला. प्रत्येक सिलेंडरला इनटेकच्या बाजूने तीन रॉकर, म्हणजे कॅमवर हलून वॉल्व दाबणारे हात, आहेत, वॉल्व दोनच. मधला रॉकर मोठ्या कॅमवर चालतो पण खाली त्याला वॉल्वच नाही, तो नुसता एका स्प्रिंगवर वरखाली होत राहतो. बोटाने दाबला तर एकटाच खाली जातो, शेजारचे दोघं हलत नाहीत. आरपीएम वाढले की सोलेनॉइड ऑइलला वाट करून देतो, ऑइलच्या दाबाने बारक्या पिना सरकतात, तिघं एकमेकांत अडकतात आणि मग दोन्ही वॉल्व मोठ्या कॅमच्या तालावर, जास्त खोल आणि जास्त वेळ उघडे. मी चारही सिलेंडरचे मधले रॉकर एकेक करून दाबून पाहिले. चारही मोकळे. दादाने पण दाबून पाहिले, दोनदा.

तिसऱ्या सिलेंडरचा एक एक्झॉस्ट टॅपेट पार टाइट, त्यात फिलर (फट मोजायची पट्टी) जाईचना. थंड इंजिनवर इनटेक ०.१८ ते ०.२२ आणि एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिमी पाहिजे. सगळे लावले. कुर्ल्यातला तो १३८ चा आकडा हाच होता.

३ फेब्रुवारी, शनिवार

परवानगीसाठी अर्ज दिला. आधी परवानगी, मग काम, हा क्रम उलटा करायचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. खरेदीची पावती, दोन्ही इंजिनांचे नंबर, चासी नंबर, विमा, पीयूसी. इन्शुरन्सवाल्यांनाही लेखी कळवलं.

१० मार्च, रविवार

परवानगीचा कागद शुक्रवारी हातात आला. आज जुनं इंजिन उतरवलं.

चेन कप्पी लावली तेव्हा बाबा पण आले होते, खुर्ची टाकून बसले. इंजिन वर आलं आणि खाली रिकामी जागा दिसली तशी ते उठून जवळ गेले, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "केवढीशी जागा असते." उस्ताद आणि बाबा एकाच वयाचे, दोघांचं जमलं. उस्ताद मूळचे चिपळूणकडचे, ऐंशीच्या दशकात मुंबईत आले, त्यांनी सांगितलं की इंजिन बदलणं हे पोरांचं नवीन खूळ नाही, तेव्हा तर कंपन्याच करायच्या. प्रीमियर ११८एनई म्हणजे अंग फियाट १२४ चं आणि आत निसानचं ए१२. काँटेसाचं अंग व्हॉक्सहॉलचं, आधी त्यात ॲम्बेसेडरच्या घराण्यातलं इंजिन, मग इसुझुचं १.८ आलं आणि गाडी एकदम दुसरीच झाली. पद्मिनीत पण डिझेल आली होती, इटलीचं इंजिन. काळी-पिवळी पद्मिनी तर मागच्याच ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, शेवटच्या टॅक्सीची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ ला संपली. उस्ताद म्हणाले, "फियाटचा बोनेट मी डोळे बांधून खोलेन अजून." बाबा म्हणाले मी शिकलो फियाटवर. पुढचा एक तास माझ्या गाडीकडे दोघांचंही लक्ष नव्हतं, आणि मला ते ऐकतच बसावंसं वाटलं.

जुन्या १.३ च्या ब्लॉकवरचा नंबर कोळशाने कागदावर उतरवून घेतला.

१७ मार्च, रविवार

नवीन इंजिन आत. फाउंडेशन सगळी जागेवर, एकही भोक नवीन पाडलं नाही, एकही पट्टी वेल्डिंग केली नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग नवीन. बोल्ट आणि क्लॅम्प नागदेवीतून आणलेले. डावा एक्सल बसताना त्रास दिला, आतली सर्क्लिप जुनी होती, बदलली.

३१ मार्च, रविवार

वायरिंग. १.३ च्या वायरिंगमध्ये व्हीटेकच्या वायरी नाहीत, त्या ओढाव्या लागल्या. सोलेनॉइडला एक, प्रेशर स्विचला एक सिग्नलची आणि एक अर्थ. तीन वायरी आणि दोन संध्याकाळी, कारण उस्तादांच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं की जोड नुसता पिळून टेप मारायचा नाही, डाग (सोल्डर) लावायचा, वर स्लीव्ह, आणि वायर मूळ वायरिंगच्या नळीतूनच गेली पाहिजे. आता बघितलं तर कंपनीने केल्यासारखं दिसतं. मला असंच पाहिजे होतं.

दुपारी साडेचारला पहिल्या सेलला सुरू. कसला आवाज आला म्हणून सांगू, मऊ, एकसारखा, धूर नाही. सर्व्हिस कनेक्टर जोडून टायमिंग लाइट मारली, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून लाल खूण जागेवर आणली. बाबांना फोन करून फोन इंजिनवर धरला.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी घरी गुढी उभारली, दुपारी गॅरेजला. दादा आला, बॉनेट उघडं ठेवून उभ्या गाडीत त्याने सहा हजारपर्यंत रेस केली आणि म्हणाला, कुठे काय बदललं? व्हीटेक लागलंच नाही.

उभ्या गाडीत लागतच नाही हे त्याला माहीत नव्हतं आणि मला आनंद झाला की माझ्याकडे सांगायला काहीतरी होतं. ईसीयू नुसते आरपीएम बघत नाही, इंजिन गरम आहे का, गाडी चालतेय का, इंजिनावर भार किती, सगळं बघून मगच सोलेनॉइडला करंट देतो. मग गाडी पुढून स्टँडवर घेतली, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, समोर कोणी उभं राहायचं नाही, तिसरा गिअर आणि झटक्यात ॲक्सिलरेटर. पाच हजारांपर्यंत गेली, आवाज बदलला नाही, आणि मीटरमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा.

सर्व्हिस कनेक्टरला वायरीचा तुकडा लावला की तो दिवा लुकलुकून दोषाचा कोड सांगतो, तो मोजला. दोन लांब, दोन छोटे. २२. म्हणजे व्हीटेकचा ऑइल प्रेशर स्विच. २१ आला असता तर सोलेनॉइडची वायर. २२ म्हणजे सोलेनॉइड उघडतोय पण पलीकडे दाब पोचत नाहीये, नाहीतर स्विच खराब. सणाच्या दिवशी पुढे उघडायला उस्तादांनी नकार दिला. श्रीखंड खाऊन घरी आलो, झोप लागली नाही.

१४ एप्रिल, रविवार

सापडलं.

सोलेनॉइडला थेट बॅटरीवरून करंट दिला तर टक करून वाजतो, म्हणजे तो ठीक. मग त्याचा डबाच हेडवरून काढला, तीन बोल्ट. डबा आणि हेडच्या मध्ये एक पॅकिंग असतं आणि त्या पॅकिंगमध्येच बारीक जाळी, ऑइल तिच्यातून गाळून वर जातं. त्या जाळीवर लाल सिलिकॉन. आधीच्या कुणीतरी ऑइल गळतंय म्हणून नवीन पॅकिंग आणायच्या ऐवजी दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापलं होतं, आवळल्यावर ते आत पिळलं गेलं आणि जाळीवर त्याची शेवयांसारखी एक गुंडाळी जाऊन बसली. जाळी उजेडासमोर धरली तर कडेने जेमतेम नखाएवढी फट उघडी. कमी आरपीएमला त्या फटीतून काय जायचं ते जात होतं, पण पिना ढकलायला लागणारा दाब त्यातून येणं शक्यच नव्हतं. एक तंतू चिमट्याने ओढला तर अख्खा निघाला, माझ्या करंगळीएवढा. तो हेडच्या गल्लीत पुढे गेला असता तर काय झालं असतं हा विचार नको.

नवीन पॅकिंग ऑपेरा हाउसच्या बाजारातून काल दादाने आणलं होतं, मी सांगितलं नव्हतं. २२ चा कोड म्हणजे आधी जाळी बघतात हे त्याने वाचून काढलं होतं. सिलिकॉनचा एक ठिपकाही न लावता बसवलं. गाडी परत स्टँडवर, तिसरा गिअर. पाच हजारांच्या आसपास आवाज फाटला. फाटला म्हणजे बिघडला नाही, आतापर्यंत नाकाने श्वास घेणारा माणूस तोंड उघडून घ्यायला लागावा तसा. दिवा लागला नाही. उस्तादांनी हात पुसत "हां" एवढंच म्हटलं. दादा म्हणाला परत कर. चार वेळा केलं.

१३ मे, सोमवार

सुट्टी टाकली होती, थ्रॉटल बॉडी साफ करायला काढली होती आणि दुपारी ते धुळीचं वादळ आलं. समोरचं दिसेना. मी इनटेकच्या उघड्या तोंडावर आधी हात ठेवला, मग स्वतःचा शर्ट कोंबला, उस्तादांच्या पोराने वरून ताडपत्री टाकली. नंतर घाटकोपरला होर्डिंग कोसळल्याची बातमी आली, गॅरेजमधल्या एकाचा भाऊ त्या बाजूला कामाला, त्याचा फोन लागेपर्यंत सगळे नुसते उभे होते. तो सुखरूप होता. काम तिथेच थांबवलं.

२ जून, रविवार

तपासणी झाली. २० मेच्या मतदानामुळे तारीख पुढे गेली होती. इन्स्पेक्टर साहेबांनी टॉर्च मारून ब्लॉकवरचा नंबर वाचला, माझ्या कागदाशी ताडला, फाउंडेशन बघितली, विचारलं कुठे वेल्डिंग केलंय का. नाही म्हटल्यावर खाली वाकून स्वतः पाहिलं. रजिस्ट्रेशन रिन्यू झालं, आणि सीसीच्या रकान्यात १३४३ जाऊन १४९३. बाबांनी चष्मा लावून वाचलं.

९ जून, रविवार

पाऊस आला. सकाळी पहिल्या सरीतच ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने मुलुंड टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो, बाबा चालवत होते, मी शेजारी. मुद्दाम काही सांगितलं नाही. ऐरोलीच्या सिग्नलनंतर रस्ता मोकळा मिळाला, तिसऱ्यात त्यांनी जरा जास्त वेळ पाय ठेवला आणि आवाज बदलला तसा पटकन काढला. मला वाटलं घाबरले. पुढे परत तसंच केलं.

संध्याकाळी डिकी पेट्रोलने पुसून १.३ चा बॅज काढला, खालचा गोंद दोऱ्याने कापून. त्याच जागी टेप लावून रेघ मारली आणि कुर्ल्याचा बॅज लावला.

३० जून, रविवार

७४० किलोमीटर झाले. गार इंजिनवर टॅपेट परत मोजले. तिसऱ्याचा तो एक्झॉस्ट ०.२३ वर आलाय, लावताना ०.२५ होता. म्हणजे मापात आहे पण सरकतोय, वॉल्व सीटमध्ये बसतोय असं उस्तादांचं मत. दोन हजारांवर परत बघायचा. कॉम्प्रेशन तिसऱ्यात १६६, बाकी तिन्ही १७० च्या वर. ऑइल काठीवर आठवा भाग पण कमी नाही. सोलेनॉइडच्या डब्याखाली कापूस फिरवला, कोरडा.

राहिलेलं : रेडिएटर फॅनचा रिले कधीकधी उशिरा लागतो, ट्रॅफिकमध्ये काटा अर्ध्याच्या वर जातो. गणपतीला देवरुखला निघायच्या आधी तो झाला पाहिजे.